बहिरेवाडीच्या जे. पी. नाईकांनी मांडलेली शाळेची घडी

वाचकहो, घरातलं पोर दहावी पास झालं की आपण लगेच विचारतो, आता अकरावी-बारावीला कुठे घालायचं? पूर्वी आपल्याकडे अकरावीची मॅट्रिक होती. दहा वर्षे शाळा, दोन वर्षे उच्च माध्यमिक आणि तीन वर्षे पदवी, अशी घडी देशभर बसवा, असे सांगितले ते कोठारी आयोगाने, १९६६ साली. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा १९७५ साली झाली. या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे नाव जयंत पांडुरंग, म्हणजेच जे. पी. नाईक.

जन्म ५ सप्टेंबर १९०७ चा. पाळण्यातले नाव विठ्ठल हरी घोटगे, पण देशाने त्यांना ओळखले ते जे. पी. नाईक म्हणून. स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले, तुरुंगात गेले. सुटल्यावर शहरात नोकरी न धरता धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले आणि तिथे शाळा, आरोग्य, गावसुधारणा अशी पडतील ती कामे केली. खेडं काय असतं हे त्यांना कागदावरून शिकावं लागलं नाही. पुढे भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे राहिले, त्यामागे त्यांचीच धडपड होती. शिक्षण आणि ग्रामविकास एकाच आवारात असावेत, हा तिथला विचार. १९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली. ती १९७६ साली पुण्याला आली.

आता आयोगाकडे वळू. १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देऊ, असे राज्यघटनेने १९५० साली सांगितले होते. मुदत १९६० ला संपली, काम झाले नाही. १९६४ साली डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. जून १९६६ मध्ये अहवाल सादर झाला. त्याच्या बांधणीचा मोठा भार नाईकांनी वाहिला.

या अहवालातल्या तीन गोष्टी खेड्याच्या कामाच्या आहेत, त्या नीट बघा. पहिली, शेजारशाळा. पाटलाचं पोर आणि मजुराचं पोर गावच्या एकाच शाळेत बसावं, म्हणजे गावातल्या वजनदार माणसांनाही त्या शाळेची काळजी राहील. दुसरी, शाळा संकुल. जवळपासच्या लहान शाळा एका मोठ्या शाळेशी जोडायच्या. तिथल्या मुख्याध्यापकाने त्यांना आधार द्यायचा, प्रयोगशाळा, पुस्तके, शिक्षकांचा अनुभव वाटून घ्यायचा. म्हणजे मुख्याध्यापक नुसता हजेरीपटावर सही करणारा न राहता दहा गावच्या शिक्षणाचा कारभारी व्हावा. तिसरी, राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणावर खर्च व्हावा.

झाले काय? दहा-दोन-तीन लागू झाले, कारण त्यात वर्षांची मांडणी बदलायची होती. शेजारशाळा मागे पडली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पोरं दुसरीकडे घातली. सहा टक्क्यांचे वचन १९६८ च्या धोरणात आले, आणि २०२० च्या धोरणातही पुन्हा तेच लिहावे लागले.

अहवाल दिला म्हणून नाईक थांबले नाहीत. समता, संख्या आणि गुणवत्ता या तिन्ही बाजू एकदम सांभाळल्याशिवाय शिक्षण पुढे जात नाही, हे त्यांनी १९७५ च्या पुस्तकात मांडले. दिवसा ढोरं राखणारं पोर, धाकट्या भावंडाला सांभाळणारी पोरगी, ही दहा ते पाचच्या शाळेत येणारच नाहीत, तेव्हा शाळेनेच त्यांच्या वेळेला जावे, असा त्यांचा आग्रह होता. १९७९ पासून त्यांच्या संस्थेने डॉ. चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत अशा मुलांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३० ऑगस्ट १९८१ रोजी ते गेले.

सरपंच मंडळी, हे सगळं आज सांगायचं कारण आहे. २०२३ साली आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. २०२० च्या धोरणातही शाळा संकुलाचा उल्लेख आहे. शब्द सारखे वाटतात, पण फरक ओळखा. नाईकांच्या आयोगाचे संकुल लहान शाळा चालू ठेवून तिला आधार देणारे होते. वाडीची शाळा बंद करून पोरांना गाडीत घालून दूर नेणे ही वेगळी गोष्ट आहे. पावसाळ्यात ओढा भरला, गाडी आली नाही, तर पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी.

तुमच्या हातात काय आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या ठेवल्या आहेत. ती समिती कागदावर ठेवू नका. पट का घटला, कुठली पोरं ऊसतोडीला जातात, कोण मध्येच शाळा सोडतं, याची यादी समितीने स्वतः करावी. शाळा हलवण्याचा विषय आला तर आधी ही यादी ग्रामसभेपुढे ठेवा, वाट किती लांब आहे ते मोजा, आणि मगच ठराव करा. मुख्याध्यापकांनाही सांगा, शेजारच्या वाडीची शाळा हीही तुमचीच जबाबदारी समजा.