बेंजामिन फ्रँकलिन आणि धूर

पावसात पतंग उडवून आकाशातली वीज पकडणारे फ्रँकलिन तुम्हाला माहीत असतील. पण मी पतंगाचं लिहिणार नाही. पतंगाचं सगळेच लिहितात. मी धुराचं लिहिणार आहे.

बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेत बोस्टन गावी झाला. त्यांचे वडील साबण आणि मेणबत्त्या करायचे. एकूण सतरा भावंडं, त्यांत बेंजामिन पंधरावा. त्याची शाळा दोनच वर्षं झाली. दहाव्या वर्षी वडिलांनी त्याला दुकानात कामाला बसवलं. मी पण दहा वर्षांची आहे. मेणबत्तीच्या वाती कापायचं काम त्याला मुळीच आवडायचं नाही. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात लागला. भाऊ मारायचा. म्हणून १७२३ साली तो पळून फिलाडेल्फिया शहरात गेला. पुढे त्यांनी तिथं स्वतःचा छापखाना काढला, १७३१ साली वाचनालय काढलं आणि १७३६ साली आग विझवणारं पथक उभं केलं.

तिकडे थंडी लई, बर्फ पडतं. घरात भिंतीतच मोठी उघडी चूल असायची आणि वर धुराडं. पण धुराबरोबर ऊबसुद्धा वर निघून जायची. तोंड भाजतंय आणि पाठ गारठली, अशी गत. लाकडं ढिगानं लागायची, आणि ती लांबून आणावी लागायची. म्हणून १७४२ च्या सुमारास फ्रँकलिन यांनी बिडाच्या पाट्यांची एक शेगडी केली. तिच्यात एक पोकळ पेटी होती. बाहेरची ताजी हवा जमिनीखालून त्या पेटीत यायची, तापायची आणि बाजूच्या भोकांतून खोलीत सुटायची. धूर मात्र पेटीवरून पलीकडे जाऊन खाली उतरायचा आणि मग धुराड्यात चढायचा.

इथं त्यांचं थोडं चुकलं. ऊन धूर वर जातो, त्याला खाली जा म्हटलं तर तो कसा ऐकणार? शेगडी चांगली तापली तर जायचा, पण विस्तव मंद झाला की मागं फिरून खोलीत यायचा. पुढे लोकांनी तो खालचा वळसा काढूनच टाकला.

तिथल्या गव्हर्नरानं या शेगडीचा हक्क त्यांना देऊ केला होता. त्यांनी तो घेतला नाही. दुसऱ्यांचे शोध आपण वापरतो, तसा आपला शोधही सगळ्यांनी वापरावा असं त्यांचं म्हणणं. लंडनच्या एका लोखंडवाल्यानं तिच्यात थोडा बदल करून हक्क मिळवला आणि पैसे कमावले, तरी हे भांडले नाहीत. मी असते तर भांडले असते.

मग त्यांनी पुष्कळ मोठी कामं केली. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, फ्रान्समध्ये वकील म्हणून राहिले. १७८५ साली ते जहाजानं घरी निघाले तेव्हा ७९ वर्षांचे होते. एवढं वय झाल्यावर माणूस पडून राहतो. पण त्यांनी जहाजात बसून धुरावर एक लांबलचक पत्र लिहिलं. धूर घरात का कोंडतो त्याची त्यात नऊ कारणं आहेत. धुराडं आखूड असणं, शेजारी उंच घर किंवा डोंगर असणं, अशी. पण पहिलं कारण म्हंजे घर फार घट्ट बंद असणं. बाहेरची हवा आत आली नाही तर आतला धूर बाहेर जात नाही.

हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा मला आमची आत्या आठवली. मागच्या हिवाळ्यात ती बाळंतपणाला आली होती. वारं लागू नये म्हणून आजीनं खोलीचं दार-खिडकी लावून आत कोळशाची शेगडी ठेवली. पहाटे आत्याचं डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, उठता येईना. बाळ पण मलूल पडलेलं. आजी म्हणाली दृष्ट लागली. आईनं दार उघडून दोघांना ओसरीवर आणलं, मग हळूहळू बरं वाटलं. तो कार्बन मोनॉक्साइड वायू होता, असं गुरुजी म्हणाले. त्याला वास नाही, रंग नाही. कोळशाचा धूर दिसत नाही म्हणून माणूस फसतो. शेगडी बंद खोलीत ठेवायचीच नाही.

आता तिकडे भुशाच्या गोळ्या जाळायच्या शेगड्या आहेत. त्यांचा धूर विजेचा पंखा नळीतून बाहेर ढकलतो. वीज गेली तर पंखा बंद पडतो, म्हणून नळी थोडी उंच उभी नेतात. आमच्याकडे तर वीज रोजच जाते.

फ्रँकलिन यांनी एक युक्ती लिहिली आहे. दार उघडं ठेवून चूल पेटवायची आणि हळूहळू दार लावत जायचं. धूर खोलीत यायला लागला की दार जरा मागं घ्यायचं आणि फट मोजायची. दार ८ फूट म्हंजे ९६ इंच, फट अर्धा इंच, तर ४८ चौरस इंच हवा लागते. म्हणून ६ बाय ८ इंचाचं भोक पुरतं.

मी रविवारी आमच्या चुलीपाशी हे केलं. आमच्या चुलीला पत्र्याचं धुराडं आहे, तरी आजीचे डोळे रोज पाणावतात. उंबऱ्याला पोतं लावलं, दार लोटलं, तर धूर आत. थोडं उघडलं तर वर. फट २ सेंटिमीटर आली, दार १८० सेंटिमीटर. गुणाकार ३६०.

फ्रँकलिन १७ एप्रिल १७९० रोजी ८४ व्या वर्षी वारले. आप्पांनी भिंतीवर कोळशानं १८ बाय २० ची चौकट आखली आहे. विटा काढायचं काम या रविवारी आहे.