धनको, ऋणको आणि केन्स

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा रशियाकडून तेल घ्यावे की नाही आणि आपल्या निर्यातदारांचे काय होणार, या दोन प्रश्नांची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने जगातील बहुतेक देशांवर जी शुल्के जाहीर केली, त्यांच्या मुळाशी एक तर्क होता. अमेरिकेशी ज्याचा व्यापार शिलकीचा, तो अमेरिकेच्या तुटीला जबाबदार, असा तो तर्क. व्यापारातील असमतोलाचे दायित्व शिलकी राष्ट्रावरही असते, हा विचार मुळात नवा नाही. ऐंशी वर्षांपूर्वी एका इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने तो अमेरिकेलाच पटविण्याची शिकस्त केली होती आणि तेव्हा शिलकीत असलेल्या अमेरिकेने तो साफ नाकारला होता. जॉन मेनार्ड केन्स हे त्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव. बेकारीची मीमांसा करणाऱ्या १९३६ च्या ग्रंथामुळे ते आमच्या विद्यार्थ्यांना परिचित असतात. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग राष्ट्राराष्ट्रांतील देण्याघेण्याच्या वाटाघाटींत गेला, हे सहसा ध्यानात येत नाही.

केन्स यांचा जन्म ५ जून १८८३ रोजी केंब्रिज येथे झाला. वडील तेथेच तर्कशास्त्र व अर्थशास्त्र शिकवीत. आई पुढे त्या नगराची महापौर झाली. १९०६ मध्ये सनदी सेवेच्या परीक्षेत दुसरा क्रमांक मिळवून केन्स लंडनच्या इंडिया ऑफिसात दाखल झाले. तेथे त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे आयर्शायर जातीचे दहा वळू मुंबईला रवाना करण्याची व्यवस्था! दोन वर्षांत त्यांनी ती नोकरी सोडली. तथापि भारताच्या चलनव्यवस्थेचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. १९१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पहिला ग्रंथ याच विषयावर होता. भारतभूमीवर मात्र त्यांनी कधीच पाऊल ठेवले नाही. आपल्या देशाची ओळख त्यांना झाली ती ताळेबंदांतून आणि टिपणांतून. हा तपशील पुढील घटनांच्या संदर्भात महत्त्वाचा आहे.

पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश अर्थखात्यात होते आणि १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत त्या खात्याचे प्रमुख प्रतिनिधी म्हणून गेले. पराभूत जर्मनीकडून जितकी वसूल होईल तितकी युद्धभरपाई घ्यावी, अशी जेत्यांची वृत्ती होती. केन्स यांचे गणित सरळ होते. ऋणको राष्ट्र आपला माल विकूनच देणे फेडू शकते. धनको राष्ट्रे त्याचा माल घेण्यास तयार नसतील आणि त्याची उत्पादनक्षमताही हिरावून घेत असतील, तर वसुली होणार कोठून? जर्मनीची ऐपत त्यांच्या मते सुमारे २०० कोटी पौंडांची होती. शिवाय दोस्त राष्ट्रांनी परस्परांची युद्धकर्जे रद्द करावीत, असेही त्यांनी सुचविले. यांतले काहीच मान्य होईना, तेव्हा जून १९१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि वर्षअखेरीस तहाच्या आर्थिक परिणामांवरील आपला जगप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क, म्हणजे सुमारे ६६० कोटी पौंड, असा ठरला. हप्ते थकताच १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियमच्या फौजा ऱ्हूर खोऱ्यात शिरल्या; जर्मन चलन मातीमोल झाले; १९३२ मध्ये भरपाईचे प्रकरण जवळजवळ गुंडाळावेच लागले. केन्स यांच्या आकडेमोडीवर पुढे अनेकांनी आक्षेप घेतले. पण दंडाच्या रकमेवर शांतता उभी राहत नाही, हा त्यांचा मुद्दा आक्षेपकांनाही पुरता खोडता आला नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत चित्र पालटले होते. १९३७ मध्ये हृदयविकाराने खचलेले केन्स पुन्हा अर्थखात्यात आले, आणि आता ब्रिटन स्वतःच ऋणको होते. या काळात त्यांनी आंतरराष्ट्रीय समाशोधन संघाची योजना तयार केली. राष्ट्रांचे हिशेब बँकोर नावाच्या सामाईक चलनात ठेवावेत आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तूट येणाऱ्या राष्ट्राप्रमाणेच शिल्लक साठविणाऱ्या राष्ट्रालाही आकार पडावा, ही तिची मध्यवर्ती कल्पना होती. एकाची शिल्लक ही दुसऱ्याची तूट असते. तेव्हा समतोल साधण्याचा भार एकट्या दुर्बळावर का पडावा? जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. तेथून नाणेनिधी आणि जागतिक बँक निघाल्या; परंतु त्यांचा साचा बहुतांशी अमेरिकेच्या हॅरी डेक्स्टर व्हाइट यांच्या आराखड्याचा होता. शिलकी अमेरिकेला शिलकीवरील आकार नको होता.

याच परिषदेत केन्स यांची खरी कसोटी लागली, आणि ती आपल्या देशाच्या संदर्भात. युद्धकाळात ब्रिटनने भारतातून माल व सेवा घेतल्या आणि त्यांच्या मोबदल्यात लंडनमध्ये पौंडांची नोंद केली. त्या नोंदींच्या आधारे येथे नोटा छापल्या गेल्या, भाव भडकले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, त्यामागील एक कारण ही भाववाढ होती. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनकडे भारताचे येणे सुमारे १३० कोटी पौंडांवर गेले. दरिद्री भारत धनको झाला होता! भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या कुलाबा जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. या येण्याचा प्रश्न नाणेनिधीच्या कक्षेत आणावा, ही भारताची मागणी. तिला विरोध केला तो केन्स यांनीच. हा व्यवहार दोन देशांनी आपसांत सन्मानाने मिटवावा, अशी त्यांची भूमिका राहिली; १९४५ मध्ये तर या देण्याचा काही भाग रद्द व्हावा असे ते आखू लागले. भारताने ती सूट दिली नाही. ऑगस्ट १९४७ पासून करारांद्वारे ही रक्कम टप्प्याटप्प्याने मोकळी होत गेली.

केन्स यांचे अखेरचे मोठे कार्य वॉशिंग्टन येथील याचनेचे होते. अनुदानाच्या आशेने गेलेल्या या मुत्सद्द्याला ३७५ कोटी डॉलरचे कर्ज २ टक्के व्याजाने पत्करावे लागले. त्याचा शेवटचा हप्ता ब्रिटनने २००६ च्या डिसेंबरात फेडला. २१ एप्रिल १९४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वयाच्या ६२ व्या वर्षी ते निवर्तले.

जर्मनीच्या ऐपतीचा हिशेब मांडणाऱ्या केन्स यांना बंगालच्या उपाशी माणसाचा हिशेब आपल्या देशाच्या गरजेपुढे दुय्यम वाटला, ही त्यांच्या चरित्रातील उणीव झाकण्याचे कारण नाही. उलट तीच आपल्याला अधिक शिकविते. खातेवहीच्या कोणत्या बाजूला आपण आहोत, यावर राष्ट्राची न्यायबुद्धी बदलते. केन्स यांच्यासारख्या प्रज्ञावंताचीही बदलली. १९४४ ची शिलकी अमेरिका आणि २०२५ ची तुटीतील अमेरिका यांच्या भाषेतील अंतराचे मूळही येथेच आहे. फरक इतकाच की, केन्स यांचा आकार सर्वांना लागू होणाऱ्या नियमातून येणार होता. आताचे शुल्क एका बलाढ्य राष्ट्राने आपल्या मर्जीने लावले. म्हणूनच नियम हवेत, आणि आपली बाजू उद्या कोणती असेल हे ठाऊक नसतानाच ते ठरावयास हवेत. भारताची अमेरिकेशी व्यापारात शिल्लक आहे, चीनशी मोठी तूट आहे. दोन्ही बाजूंचा अनुभव एकाच वेळी घेणाऱ्या देशाने असा नियम मागण्यात पुढाकार घेतला, तर त्याच्या शब्दाला वजन येईल. पण त्यासाठी चीनपुढे जो न्याय आपण मागू, तोच अमेरिकेपुढे मान्य करण्याची तयारी हवी. त्या कसोटीला केन्स उतरले नाहीत. आपण उतरणार आहोत काय?