शब्द जोडणारी आडवी रेघ आणि मेजर कँडी

मागल्या पावसाळ्यात निर्मलला शब्बाथशाळेत रूथचा पाठ चालला होता. आमच्याकडची मुले घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि शाळेत इंग्रजी बोलतात. एका मुलाने इंग्रजी शास्त्र उघडून 'मदर-इन-लॉ' या शब्दाचे तीन तुकडे केले आणि नामी ही रूथची 'कायद्यातली आई' असे सांगितले. वर्ग हसला, पण आम्हांला मेजर थॉमस कँडी आठवले.

कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडात झाला. जॉर्ज हे त्यांचे जुळे भाऊ. दोघे कंपनीच्या फौजेत दाखल होऊन मुंबई इलाख्यात आले आणि मोल्सवर्थ साहेबांच्या हाताखाली मराठी शब्द गोळा करू लागले. ब्राह्मण पंडितांना सोबत घेऊन शब्द वेचायचे, त्यांचे अर्थ पारखायचे, असे ते काम होते. १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश निघाला. जॉर्ज पुढे सैन्य सोडून धर्मोपदेशक झाले. थॉमस मात्र भाषेतच राहिले. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख, सरकारी भाषांतरे, शाळांची पुस्तके तपासणे, हे सारे त्यांच्याकडे होते.

मोल्सवर्थ यांनी इंग्रजी-मराठी कोशही हाती घेतला होता. तो अर्धवट टाकून त्यांना स्वदेशी जावे लागले, तेव्हा कँडी यांनी तो पुरा केला आणि १८४७ साली छापला. हे काम पहिल्याहून अवघड, असे आम्हांला वाटते. इंग्रजी जोडशब्दाचे तुकडे वेगवेगळे भाषांतरून भागत नाही. 'मदर-इन-लॉ' हे दोन रेघांनी जोडलेले तीन शब्द. आपल्याकडे 'सासू' हा एकच. उलट एक रेघ गाळली तर अनर्थ. 'मॅन-ईटिंग टायगर' म्हणजे माणसे खाणारा वाघ. मधली रेघ पुसा, की माणूसच वाघ खायला बसतो! मराठीला 'आईबाप', 'देवघर' लिहिताना रेघेची गरज पडत नाही, म्हणून आपल्या मुलांना तिचे महत्त्व पटकन उमगत नाही.

कँडी यांचे दुसरे काम विरामचिन्हांचे. मोडीत तर सबंध ओळीवर एकच रेघ ओढून शब्द सलग लिहीत. कोठे थांबायचे हे वाचणाऱ्याने ताडायचे. कँडी यांनी इंग्रजीतली चिन्हे मराठीत रुळवली आणि १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे छोटे पुस्तक काढले. आज उपासनेत शास्त्रपाठ वाचताना स्वल्पविरामापाशी आपण श्वास घेतो, पण कँडींचे नाव कोणाच्या मनात येत नाही.

त्यांच्यावर टीकाही झाली. क्रमिक पुस्तकांतली त्यांची मराठी इंग्रजी वळणाची आहे, असा तो आक्षेप. तो अगदीच खोटा नाही. परक्या माणसाने शाळेच्या पुस्तकांवर शेवटचा हात फिरवावा, हे पुण्याच्या विद्वानांना खुपणारच. पण आम्ही त्यांचा कोश चाळतो तेव्हा एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठीचे पाच-सहा शब्द दिसतात, त्यांत घरगुतीही असतात. कोशाची दुसरी आवृत्ती १८७३ साली निघाली आणि १८७७ साली कँडी वारले.

त्या मुलाला आम्ही तीन तुकडे परत जोडायला लावले. मग त्याने स्वतःच विचारले, 'ब्रदर-इन-लॉ' म्हणजे मेहुणा, दीर की साडू? आम्ही म्हटले, तिन्ही. कोणता, ते वाक्य पाहून ठरव.