यरुशलेमच्या बारा खिडक्या आणि मार्क शागाल

एन केरेमच्या हदासा रुग्णालयात आपल्यापैकी पुष्कळांचे कधी ना कधी जाणे झालेच आहे. कोणी तपासणीसाठी गेले असेल, कोणी आप्तेष्टांच्या समाचाराला. तेथील लहानशा सिनेगॉगच्या चारही भिंतींवर, वरच्या बाजूस, रंगीत काचांच्या बारा खिडक्या बसविल्या, त्या जगप्रसिद्ध चित्रकार मार्क शागाल यांच्या. ६ फेब्रुवारी १९६२ रोजी त्यांचा अर्पणविधी झाला, तेव्हा शागाल स्वतः जमलेल्या लोकांपुढे बोलावयास उभे राहिले. चित्रकाराने आपल्या कृतीविषयी चार शब्द सांगावेत, अशीच श्रोत्यांची अपेक्षा असणार. शागाल यांनी मात्र आपल्या गरीब आईवडिलांच्या हातांची आठवण काढली. ते हात कसे होते हे समजावे म्हणून त्यांची जीवनकथा वाचकांपुढे ठेवीत आहे.

शागाल यांचा जन्म ७ जुलै १८८७ रोजी त्यावेळच्या रशियन साम्राज्यातील वितेब्स्क शहराच्या परिसरात झाला. हे शहर आज बेलारूस देशात आहे. घरचे नाव मोईशे. नऊ भावंडांत ते थोरले. वडील खारवलेल्या मासळीच्या वखारीत मजुरी करीत. दिवसभर जड पिंपे उचलून संध्याकाळी ते घरी येत, तेव्हा कपड्यांना मासळीचा वास येई आणि हात मिठाच्या पाण्याने चकाकत असत. आई छोटेसे किराणा दुकान चालवी. शब्बाथ काटेकोरपणे पाळणारे हे घर होते.

अशा घरातल्या मुलाने चित्रकार व्हायचे म्हणजे मोठेच धाडस! दहा आज्ञांतील मूर्तीविषयीची आज्ञा मनात धरून तेथील धर्मनिष्ठ लोक माणसांची चित्रे काढणे निषिद्ध मानीत. त्यांचे एक काका तर पुतण्या चित्रे काढतो असे समजल्यावर हस्तांदोलन करायलाही कचरू लागले. न जाणो, आपलेच चित्र काढले तर काय घ्या! सन १९०६ च्या सुमारास आईने त्यांना गावातील यहुदी चित्रकार येहुदा पेन यांच्या शाळेत नेले. फी पाच रुबल होती. वडिलांनी पैसे दिले खरे, पण हातात न देता फेकून दिले, आणि मुलाने ते वेचून घेतले. असे शागाल यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. राग होता, गरिबी होती, तरी पैसे मिळाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे ते सेंट पीटर्सबर्गला गेले. यहुद्यांना त्या शहरात परवान्यावाचून राहता येत नसे, आणि त्यापायी शागाल यांना तुरुंगाची हवाही खावी लागली. १९१० साली ते पॅरिसला पोहोचले. मधाचे पोळे या अर्थाचे नाव असलेल्या एका इमारतीत गरीब कलावंत दाटीवाटीने राहत, तेथे त्यांनी बिऱ्हाड केले. पॅरिसमध्ये राहून त्यांनी रंगविले काय, तर वितेब्स्कची लाकडी घरे, गाई, बकऱ्या, छपरावरचा सारंगीवाला आणि आकाशात तरंगणारी माणसे.

१९१४ मध्ये ते गावी आले आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे तेथेच अडकले. १९१५ मध्ये बेला रोझेनफेल्ड यांच्याशी विवाह झाला व पुढील वर्षी ईडा ही कन्या झाली. क्रांतीनंतर १९१८ मध्ये त्यांना वितेब्स्कच्या कलाखात्याचे प्रमुख नेमण्यात आले. त्यांनी गावात कलाशाळा काढली. परंतु मालेविच आदी सहकाऱ्यांशी मतभेद होऊन १९२० मध्ये त्यांनी गाव सोडले. मॉस्कोत यहुदी नाट्यगृहाच्या भिंती रंगविल्या, आणि १९२२ मध्ये ते रशियाबाहेर पडले. त्यानंतर वितेब्स्कचे दर्शन त्यांना कधीच घडले नाही.

फ्रान्समध्ये परतल्यावर प्रकाशक व्होलार यांनी त्यांच्याकडे पवित्र शास्त्रावरील चित्रांचे काम सोपविले. त्यासाठी १९३१ मध्ये ते प्रथमच आपल्या या भूमीत आले. तेल अवीवचे नगराध्यक्ष मेईर डिझेनगॉफ यांचे त्यांना आमंत्रण होते. यरुशलेम आणि सफेद येथे त्यांनी चित्रे काढली. आब्राहाम आणि याकोब ज्या उन्हात वावरले ते ऊन त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि त्याचा ठसा पुढे आयुष्यभर राहिला.

नंतरचा काळ आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिक येथे आधुनिक चित्रांची नालस्ती करण्यासाठी जे प्रदर्शन भरविले, त्यात शागाल यांचीही चित्रे होती. १९४१ मध्ये मार्से येथे त्यांना पकडण्यात आले. अमेरिकन गृहस्थ व्हेरियन फ्राय यांच्या खटपटीने ते सुटले व न्यूयॉर्कला जाऊ शकले. त्याच वर्षी जर्मनांनी वितेब्स्क घेतले, आणि तेथील गेटोतल्या यहुद्यांची कत्तल केली. ज्या गल्ल्या शागाल रंगवीत आले, त्यांतली माणसेच उरली नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी आपल्या गावाला उद्देशून एक पत्र लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेला वारल्या, आणि कित्येक महिने शागाल यांनी कुंचला हाती घेतला नाही.

१९४८ मध्ये ते फ्रान्सला परतले व १९५२ मध्ये त्यांनी वावा ब्रॉडस्की यांच्याशी विवाह केला. १९५९ मध्ये हदासा संस्थेने त्यांना बारा खिडक्यांचे काम दिले, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. रॅंस शहरातील कारागीर शार्ल मार्क यांच्याबरोबर ते सुमारे दोन वर्षे राबले. पूर्वी प्रत्येक रंगाची काच निराळी असे आणि मध्ये शिशाची पट्टी येई. मार्क यांनी अशी रीत काढली की एकाच काचेवर तीनपर्यंत रंग यावेत. प्रत्येक खिडकी सुमारे अकरा फूट उंच व आठ फूट रुंद आहे. विषय इस्राएलाच्या बारा वंशांचा. आधार याकोबाने मुलांना आणि मोशेने वंशांना दिलेल्या आशीर्वादांचा. लेवीची खिडकी पिवळी, यहूदाची तांबडी, रऊबेनाची निळी. सिनेगॉगची मर्यादा पाळून कोठेही माणसाचा चेहरा काढलेला नाही. पशु, पक्षी, मासे, फुले हीच सारे सांगतात. यहूदाच्या खिडकीत मुकुटापाशी हात मात्र दिसतात.

आता त्या दिवशीचे भाषण. शागाल म्हणाले, त्याचा भावार्थ असा : वितेब्स्कची माती आणि हवा यरुशलेमच्या मातीत व हवेत कशी मिसळली, याचे त्यांना नवल वाटत होते. काम करताना केवळ त्यांचे स्वतःचे हात चालत नव्हते. आईवडिलांचे आणि आणखी कितीतरी जणांचे गरीब हात पाठीशी होते. ती माणसे मुकी होती, त्यांचे डोळे मिटलेले होते, पण त्यांनाही या कामात भाग हवा होता. गेटोंतील लढे आणि या देशातील युद्ध हेही त्या फुलापाखरांत उतरले आहे, असे त्यांना वाटत होते.

१९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात काही खिडक्यांना इजा झाली. शागाल यांनी त्या दुरुस्त करून दिल्या, आणि गोळीचे एक छिद्र आठवण म्हणून तसेच राखण्यात आले. पुढे क्नेसेटसाठीही त्यांनी भव्य भित्तिपट व मोझेइक केले. १९७३ मध्ये ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले, पण वितेब्स्कला गेले नाहीत. २८ मार्च १९८५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, फ्रान्समधील सेंट पॉल द व्हान्स येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या कित्येकांचे वाडवडील कोकणात घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत. त्यांचेही हात तेलकट असत. त्यांना ही भूमी पाहावयास मिळाली नाही. नातवंडांना या खिडक्यांविषयी सांगताना वंशांची नावे तर सांगावीतच, पण मासळीच्या वखारीतले ते ओले हात आणि आपल्या घाण्यावरचे हात, या दोन्हींची गोष्टही सांगावी. मुले ऐकतात; सांगणारे मात्र हवेत.