विश्लेषण : नकाशावरचे ठिपके सहज विखुरलेत, हे कसे ठरवायचे? दा. ध. कोसंबींचे आयुष्य काय सांगते?

नागपूरच्या प्रताप नगरचा नकाशा घेतला आणि डेंग्यूच्या प्रत्येक रुग्णाच्या घरावर एकेक ठिपका दिला, असे समजू. काही ठिकाणी ठिपक्यांची गर्दी दिसेल, काही गल्ल्या कोऱ्या राहतील. गर्दीच्या जागी काहीतरी कारण दडले आहे, असे लगेच वाटते. पण निव्वळ योगायोगाने ठिपके पडले असते, तर चित्र यापेक्षा वेगळे दिसले असते का, हा प्रश्न त्याआधी विचारावा लागतो. ठिपक्यांच्या मागचे हे गृहीतक तपासण्याचे एक मोठे काम मराठी मुलखातील एका गणितज्ञाच्या नावे जगभर ओळखले जाते. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून ते परिचित आहेत. मात्र त्यांचे सर्वाधिक वापरले जाणारे काम आणि त्यांच्यावर सर्वाधिक टीका ओढवणारे काम, ही दोन्ही एकाच प्रश्नाशी जोडलेली आहेत.

कोसंबी कोण होते?

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे नामवंत अभ्यासक. विदर्भाशी या घराचा धागा वडिलांमुळे जुळतो. धर्मानंदांनी आयुष्याची अखेर वर्ध्याजवळ सेवाग्रामला केली. १९४७मध्ये अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठात कामासाठी गेले, तेव्हा १९१८मध्ये दामोदरही अमेरिकेला गेले. १९२९मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते भारतात परतले. बनारस हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलीगढमध्ये त्यांनी गणित शिकवले. १९३३मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि सुमारे १२ वर्षे तिथे राहिले. १९३४मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. त्यांचा मूळ विषय भूमिती. संख्याशास्त्र त्यांनी पुढे स्वतःच आत्मसात केले, तेही प्रत्यक्ष प्रश्न हाताशी घेऊन.

नाण्यांपासून सुरुवात का?

पहिला मोठा प्रश्न होता प्राचीन आहत नाण्यांचा. चांदीच्या या नाण्यांवर राजाचे नाव नसते, वर्ष नसते. फक्त ठोकलेली चिन्हे असतात. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे कसे सांगायचे? नाणे हातोहात फिरते तेव्हा झिजते. म्हणजे जास्त फिरलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कमी भरेल आणि त्यांच्या वजनांतील फरकही वाढेल, असे कोसंबींनी मांडले.

पण हेही गृहीतकच होते. ते तपासण्यासाठी कोसंबींनी त्या काळी चलनात असलेली, टांकसाळीचे वर्ष छापलेली नाणी गोळा करून तराजूवर घातली. वय माहीत असलेल्या नाण्यांमध्ये झीज अपेक्षेप्रमाणे दिसते का, हे पाहिले. चलनातील फिरण्याचा नाण्यांच्या वजनावर होणारा परिणाम या विषयावर १९४२मध्ये त्यांचा लेख ‘करंट सायन्स’मध्ये आला. तक्षशिलेच्या साठ्यातील नाण्यांच्या मागील बाजूवर जितकी अधिक चिन्हे, तितके वजन कमी, हा क्रमही त्यांनी दाखवला. आधी उत्तर माहीत असलेल्या ठिकाणी गृहीतक तपासायचे, मगच ते अज्ञाताला लावायचे, ही शिस्त इथे दिसते.

ठिपक्यांचे मूळ गृहीतक काय असते?

ठिपक्यांच्या माहितीत पहिले गृहीतक असते पूर्ण यादृच्छिकतेचे. त्याचे दोन भाग आहेत. एक, परिसरातील प्रत्येक जागी ठिपका पडण्याची शक्यता सारखी आहे. दोन, एक ठिपका पडल्याने शेजारी दुसरा पडण्याची शक्यता वाढत नाही आणि कमीही होत नाही. अंगणात पडणाऱ्या पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे.

प्रताप नगरच्या काल्पनिक नकाशावर सारख्या आकाराचे १०० चौकोन आखले आणि त्यात १०० ठिपके निव्वळ योगायोगाने पडले, असे धरू. प्रत्येक चौकोनात एकेक ठिपका येईल का? नाही. फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांच्या सूत्रानुसार सुमारे ३७ चौकोन रिकामे राहतील, ३७मध्ये एक, १८मध्ये दोन आणि ८ चौकोनांत तीन किंवा अधिक ठिपके येतील. म्हणजे कोणतेही कारण नसतानाही एक तृतीयांशाहून जास्त भाग कोरा आणि काही जागी दाटी दिसणारच. डोळ्यांना दिसणारी गर्दी हा पुरावा नव्हे, तो असा.

तपासणीची सोपी रीत म्हणजे चौकोनांतील ठिपक्यांची सरासरी काढायची आणि त्या संख्यांचे प्रचरण, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा मोजायचा. दोन्ही जवळपास सारखे आले तर चित्र योगायोगाशी जुळते. प्रचरण बरेच जास्त असेल तर ठिपके एकमेकांना खेचत आहेत किंवा काही जागा मुळातच वेगळ्या आहेत. बरेच कमी असेल तर ठिपके एकमेकांना दूर ठेवत आहेत. मात्र चौकोनाचा आकार बदलला की उत्तरही बदलू शकते, त्यामुळे एकाच आकारावर थांबून चालत नाही.

गुणसूत्रांवर ठिपके कुठून आले?

शरीरात बीजपेशी तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रे जोडीने शेजारी येतात आणि आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. अदलाबदलीची प्रत्येक जागा म्हणजे गुणसूत्राच्या धाग्यावरचा एक ठिपका. दोन जनुके एकमेकांपासून जितकी दूर, तितके त्यांच्यामध्ये असे ठिपके पडण्याची शक्यता जास्त. यावरून जनुकांमधील अंतर मोजता येते. फळमाशीवर काम करणाऱ्या स्टर्टेव्हंट यांनी १९१३मध्ये पहिला जनुकीय नकाशा याच कल्पनेवर तयार केला.

यात अडचण अशी, की ठिपके थेट दिसत नाहीत. पिढीत दिसतो तो परिणाम. दोन जनुकांच्या मध्ये एक अदलाबदल झाली तर ती कळते. दोन झाल्या तर जनुके पुन्हा मूळ जोडीत येतात आणि काहीच घडले नाही असे वाटते. त्यामुळे दिसलेल्या प्रमाणावरून खरे अंतर काढायला, ठिपके धाग्यावर कसे पडतात याबद्दल काहीतरी धरून चालावे लागते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९मध्ये ठिपके एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरले आणि सूत्र दिले. गणिताच्या दृष्टीने ते स्वच्छ होते.

पण फळमाशीवरील प्रयोगांत वेगळेच दिसले होते. एका जागी अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी सहसा होत नाही. ठिपके एकमेकांना दूर ठेवतात. म्हणजे स्वतंत्रतेचे गृहीतक जवळच्या अंतरावर मोडते.

कोसंबींनी नेमके काय केले?

१९४३-४४च्या सुमारास ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात कोसंबींचा जेमतेम चार पानांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांनी हाल्डेन यांचे गृहीतक बदलले. जनुके अगदी चिकटून असतील तर दुहेरी अदलाबदल जवळपास होत नाही. अंतर वाढत जाते तसा हा अटकाव कमी होतो. जनुके इतकी दूर असतील की एकमेकांशी संबंधच उरत नाही, तेव्हा तो संपतो. एवढ्या एका बदलातून नवे सूत्र निघाले. आज ते कोसंबी फलन म्हणून ओळखले जाते.

फरक किती पडतो? १०० पैकी १० संततींमध्ये अदलाबदल दिसली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर ११.२ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने १०.१. हा फरक लहान आहे. पण ३० संततींमध्ये दिसली तर हाल्डेन ४५.८ सांगतात आणि कोसंबी ३४.७. माहिती तीच, मोजणी तीच. फक्त ठिपके कसे पडतात याचे गृहीतक बदलले की नकाशावरचे अंतर जवळपास चतुर्थांशाने कमी होते. रोगप्रतिकारक जनुक शोधणाऱ्या पीक संशोधकासाठी ही चूक महागात पडू शकते.

म्हणून जनुकीय नकाशे तयार करणाऱ्या संगणकीय प्रणालींत आजही हाल्डेन की कोसंबी, असा पर्याय द्यावा लागतो. भात, गहू, कापूस अशा पिकांच्या नकाशांत कोसंबींचे नाव सर्रास येते. अर्थात कोसंबी फलन हेही गृहीतकच आहे. काही बुरशींमध्ये आणि एका प्रकारच्या यीस्टमध्ये ठिपके एकमेकांना अडवत नाहीत. तिथे हाल्डेन यांचेच सूत्र जवळचे ठरते. कोणते लावायचे ते जीव पाहूनच ठरते.

मग चूक कुठे झाली?

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने ये-जा करीत त्यांनी गणित आणि इतिहास दोन्ही चालू ठेवले. १९५६मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारे त्यांचे पुस्तक आले. पुणे परिसरात पायी फिरून त्यांनी अश्मयुगातील सूक्ष्म दगडी हत्यारे शोधली आणि देवींची जुनी ठाणी त्याच वाटांवर असल्याचे मांडले.

याच काळात त्यांचे लक्ष आणखी एका प्रकारच्या ठिपक्यांकडे गेले. ते ठिपके म्हणजे संख्यारेषेवरील मूळ संख्या : २, ३, ५, ७, ११ आणि पुढे. वरवर पाहता त्यांना काही नेम दिसत नाही. कोसंबींनी संख्यारेषेचे असे तुकडे पाडले की प्रत्येकात अपेक्षित मूळ संख्या सारख्याच असाव्यात. मोजणी प्वासाँच्या सूत्राशी जुळत होती. १९५९मध्ये भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी संभाव्यतेच्या आधारे केलेली मांडणी प्रसिद्ध केली आणि त्यातून रीमन गृहीतक सिद्ध होत असल्याचा दावा केला. १८५९पासून हा प्रश्न गणितज्ञांना आव्हान देत होता.

गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही. मूळ संख्या सोडत काढून ठरत नाहीत. प्रत्येकीची जागा आधीच निश्चित आहे. शिवाय जवळच्या अंतरावर त्या स्वतंत्रही नाहीत. २ आणि ३ सोडल्यास दोन मूळ संख्या लागून येऊ शकत नाहीत. दोनदोनच्या अंतराने तीन मूळ संख्या फक्त ३, ५, ७ याच. गुणसूत्रांप्रमाणे इथेही अटकाव आहे. मोठ्या तुकड्यांतील मोजणी प्वासाँशी जुळते, एवढ्याने ठिपके खरोखर यादृच्छिक आहेत असे सिद्ध होत नाही. तपासणीत गृहीतक खोटे ठरले नाही, याचा अर्थ ते खरे ठरले असा होत नाही. जे कोसंबींनी गुणसूत्रांबाबत अचूक ओळखले होते, तेच इथे निसटले.

परिणाम काय झाले?

कोसंबींच्या गणिती प्रतिष्ठेला या दाव्याने मोठा धक्का बसला. अणुऊर्जेवर टीका आणि सौरऊर्जेचा आग्रह, यामुळे भाभांशी मतभेदही होतेच. १९६२मध्ये ते टाटा संस्थेतून बाहेर पडले. मूळ संख्यांवरचे काम त्यांनी सोडले नाही. १९६३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यांचा या विषयावरचा लेख आला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५८ वर्षे.

त्यांना दिसलेला आकृतिबंध मात्र भास नव्हता. १९७६मध्ये गणितज्ञ पॅट्रिक गॅलघर यांनी दाखवले, की लहान तुकड्यांतील मूळ संख्यांची मोजणी प्वासाँच्या सूत्राकडे झुकते. पण त्यासाठी आणखी एक, अद्याप सिद्ध न झालेले अनुमान खरे धरावे लागते. रीमन गृहीतक आजही सुटलेले नाही.

यातून नकाशा वाचणाऱ्याने काय घ्यावे?

प्रताप नगरच्या नकाशाला चार प्रश्न विचारता येतात. पहिला, सगळीकडे शक्यता सारखी आहे का? बहुमजली इमारतींच्या भागात माणसे जास्त, मैदानावर शून्य. तेव्हा ठिपक्यांची तुलना जमिनीशी नव्हे, लोकसंख्येशी करावी लागते. दुसरा, ठिपके स्वतंत्र आहेत का? एकाच टाकीतले डास शेजारच्या दोन घरांत जात असतील, तर ते दोन रुग्ण दोन वेगळे पुरावे ठरत नाहीत. तिसरा, सीमेपलीकडे काय आहे? कडेच्या घराला सर्वात जवळचा रुग्ण खामल्यात असू शकतो, पण नकाशा त्याला मोजत नाही. चौथा, ठिपके नोंदवले कसे गेले? जिथे तपासणी झाली तिथेच रुग्ण सापडतात.

या प्रश्नांची उत्तरे नकाशाबाहेर, त्या जागेच्या माहितीत असतात. गुणसूत्रांच्या बाबतीत ती माहिती फळमाशीच्या प्रयोगांनी दिली आणि कोसंबींनी ती सूत्रात उतरवली. म्हणून चार पानांचे ते काम आठ दशकांनंतरही वापरात आहे.