वनविद्येचा गुरू : डीट्रिख ब्रँडिस

१८८९ च्या शरद ऋतूत चोवीस वर्षांचा एक अमेरिकन तरुण जर्मनीतील बॉन शहरी एका निवृत्त वनाधिकाऱ्याच्या भेटीस आला. गिफर्ड पिंशो हे त्याचे नाव. वनविद्येची त्याला ओढ होती. परंतु ती कोठे शिकावी आणि शिकून पुढे काय करावे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या देशात हा पेशा अजून रुजलाच नव्हता. पासष्ट वर्षांच्या सर डीट्रिख ब्रँडिस यांनी या अनोळखी मुलाची सारी शिक्षणयोजना आखून दिली आणि त्याला फ्रान्समधील नान्सीच्या वनविद्यालयात धाडले.

ब्रँडिस यांनी स्वतः कोणत्याही वनविद्यालयात शिक्षण घेतले नव्हते. १८२४ मध्ये बॉन येथे जन्मलेला हा तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा मुलगा वनस्पतिशास्त्राचा अध्यापक झाला. श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांची कन्या रेचेल हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या नात्यातून हिंदुस्थानचा मार्ग खुला झाला. लॉर्ड डलहौसीने १८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवानी जंगलांची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. जंगलात झाडे किती, याचाच तेथे कोणाला पत्ता नव्हता. ब्रँडिस हत्तीवर बसून रान तुडवीत. जाडीप्रमाणे झाडांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गासाठी हातात एक काठी धरीत आणि झाड दिसले की त्या त्या काठीवर खाच पाडीत. संध्याकाळी मुक्कामावर खाचा मोजून टिपण होई. या खाचांवरूनच दरवर्षी किती झाडे तोडावीत हे ठरू लागले. लाकडाच्या व्यापाऱ्यांना हे रुचणे शक्यच नव्हते. बेळगाव-कारवारकडे आपण जिला कुमरी म्हणतो, तशी फिरती शेती तेथील करेन लोक करीत. त्यांच्याकडूनच पिकाबरोबर सागाची रोपे लावून घेण्याची रीत ब्रँडिस यांनी बसविली. ती टाँग्या या नावाने पुढे जगभर गेली.

१८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. खाते नवे होते आणि शिकलेली माणसे नव्हती. त्यांनी विल्यम श्लिख व बेर्थोल्ड रिबेनट्रॉप या तरुण जर्मनांना आणले. १८६७ पासून इंग्रज उमेदवारांना फ्रान्स व जर्मनीत शिकण्यास पाठविण्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ हे नियतकालिक निघाले. जंगलात एकाकी राहणाऱ्या अधिकाऱ्याला आपले अनुभव मांडण्यास त्यामुळे एक जागा मिळाली. १८७८ मध्ये डेहराडूनचे वनविद्यालय उभे राहिले. येथे देशी तरुण शिकू लागले खरे, पण घडविले जात ते वनक्षेत्रपाल, म्हणजे रेंजर. वरच्या जागा गोऱ्यांच्याच राहिल्या. ब्रँडिस यांच्या कार्याचे कौतुक करताना ही मर्यादा झाकता येत नाही. त्याच वर्षीच्या वनकायद्याने गावकऱ्यांचे परंपरागत हक्क आवळले. गावांची स्वतःची वने असावीत, असे ब्रँडिस यांचे मत होते. पण कायद्यात उरलेली ती तरतूद बहुतेक कागदावरच राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या धोरणास विरोध केला आणि जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगलखात्यावर कठोर टीका केली. त्या खात्याची उभारणी याच सज्जन वनस्पतिशास्त्रज्ञाने केली होती.

१८८३ मध्ये निवृत्त होऊन ते बॉनला परतले. शिकविणे मात्र सुटले नाही. इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे वनसेवेसाठी तयार होणाऱ्या तरुणांना घेऊन ते युरोपातील जंगलांतून हिंडत. पिंशोही १८९० मध्ये अशा एका फेरीत सामील झाला. तत्पूर्वी झुरिच नगरीच्या झीलवाल्ड या जंगलात त्याने महिनाभर प्रत्यक्ष काम पाहिले होते. गुरूचे म्हणणे असे की, शिक्षण पुरे होण्यास आणखी काही वर्षे हवीत. शिष्याला मात्र घाई झाली होती, आणि सुमारे तेरा महिन्यांतच तो मायदेशी परतला. दुसरा कोणी गुरू असता तर रुसून बसला असता. ब्रँडिस पत्रे लिहीतच राहिले. एखाद्या मोठ्या जमीनमालकाने वा राज्याने करून दाखविल्याखेरीज अमेरिकेत वनविद्या रुजणार नाही, असे त्यांचे मत होते. १८९२ मध्ये व्हँडरबिल्ट या धनाढ्याच्या बिल्टमोर इस्टेटीवर पिंशोने नेमका तोच प्रयोग आरंभिला. ती जागा पुढे रिकामी होताच ब्रँडिस यांच्या शिफारशीने कार्ल शेंक हा जर्मन तरुण १८९५ मध्ये तेथे गेला आणि तीन वर्षांनी त्याने तेथे वनविद्यालय काढले. पिंशोचा मित्र हेन्री ग्रेव्हज् यानेही ब्रँडिस यांचे मार्गदर्शन घेतले. १९०० मध्ये तो येल विद्यापीठाच्या वनविद्यालयाचा पहिला प्रमुख झाला. १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेची सूत्रे पिंशोच्या हाती आली.

म्हाताऱ्या गुरूचे लक्ष या काळात पुन्हा हिंदुस्थानच्या झाडांकडे वळले होते. ‘इंडियन ट्रीज्’ हा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९०६ मध्ये छापून आला. वनात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला समोरचे झाड ओळखता यावे, यासाठी तो सिद्ध केला होता. त्याच वर्षी डेहराडूनला वन संशोधन संस्था स्थापन झाली. पुढच्या मे महिन्यात, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ब्रँडिस बॉन येथे निवर्तले.