'आनंद' मासिकाचे जनक कै. वासुदेव गोविंद आपटे

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा रणशूर योद्धा किंवा सभा गाजविणारा वक्ता उभा राहतो. यंदाच्या अंकात आम्ही ज्या गृहस्थांची ओळख करून देण्याचे योजिले आहे, त्यांचे सारे आयुष्य लेखणी आणि छापखाना यांच्या सहवासात गेले. मराठी मुलांच्या हाती दरमहा त्यांचे स्वतःचे असे वाचनाचे साहित्य पडावे, यासाठी त्यांनी आपल्या विद्वत्तेचा मोठा वाटा खर्ची घातला. ते गृहस्थ म्हणजे 'आनंद' मासिकाचे संस्थापक कै. वासुदेव गोविंद आपटे होत.

आपटे यांचा जन्म १२ एप्रिल १८७१ रोजी खानदेशातील धरणगाव येथे झाला. हे गाव आज जळगाव जिल्ह्यात मोडते. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या भागातील कारखान्यांत काम करण्यासाठी खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत, व त्यांची मुले आपल्या शाळेत शिकत आहेत. त्यांना हे जन्मस्थान ऐकून विशेष समाधान वाटेल. शिवाय याच धरणगावात १८९० साली त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, जन्मास आले. पुढे अहमदनगर येथे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरी त्यांना पुत्रवत प्रेम मिळाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. एकाच गावाने एक कवी आणि एक संपादक असे दोन पुरुष मुलांच्या साहित्याला दिले. त्या गावाचा विसर निदान त्याच्या लेकरांस तरी पडू नये.

आपटे यांनी कलकत्ता विद्यापीठाची पदवी १८९६ साली संपादन केली. त्यानंतर त्यांनी वृत्तपत्राच्या व्यवसायात पाऊल टाकले. इंदूरच्या 'मल्हारी मार्तंड विजय' या पत्राचे संपादन त्यांनी काही काळ केले, व पुढे पुण्याच्या 'ज्ञानप्रकाश' पत्राशीही त्यांचा संबंध आला. बंगाली भाषेवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठी वाचकांस उपलब्ध करून दिल्या. परप्रांतात जे चांगले आहे ते पाहावे आणि आपल्या घरी आणावे, ही वृत्ती त्यांच्या अंगी मुरलेली होती.

आता त्या काळच्या मुलांची स्थिती कशी होती याचा विचार करू. भारतात नभोवाणीचे नियमित कार्यक्रम १९२७ साली सुरू झाले, आणि दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा बोलपट नव्हे, मूकपट, १९१३ साली लोकांसमोर आला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुलांच्या करमणुकीस आजीच्या गोष्टी, कीर्तन, जत्रा आणि विटीदांडू एवढेच काय ते होते. वाचावयाचे म्हटले तर पाठ्यपुस्तक, आणि पाठ्यपुस्तक म्हटले की परीक्षा व छडी! मुलांसाठी निराळे नियतकालिक असावे ही कल्पना महाराष्ट्रात अगदीच नवी होती असे नाही. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच 'बालबोधमेवा' नावाचे सचित्र मासिक काढले होते, आणि मिशनच्या शाळांतील कित्येक पिढ्यांनी ते वाचले. बंगालमध्येही ठाकूर घराण्यातील ज्ञानदानंदिनी देवी यांनी १८८५ साली 'बालक' मासिक काढले होते. परंतु मराठी मुलांचा भुकेला समुदाय मोठा आणि ताटात वाढलेले अन्न थोडे, अशीच एकंदर अवस्था होती.

ही उणीव ओळखून आपटे यांनी १९०६ साली पुण्यात 'आनंद' मासिक सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय सुमारे पस्तीस वर्षांचे होते. बंगालच्या फाळणीनंतरचा तो काळ. स्वदेशीच्या चळवळीने पुणे शहर ढवळून निघाले होते. अशा धामधुमीत पुष्कळ विद्वानांच्या लेखण्या प्रौढांसाठी झिजत होत्या. आपटे यांनी मात्र आपल्या लेखणीचा एक भाग मुलांसाठी राखून ठेवला. येथे हेही सांगितले पाहिजे, की उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचे बंगालीतील प्रसिद्ध बालमासिक 'संदेश' १९१३ साली निघाले. म्हणजे 'आनंद' त्याच्या सात वर्षे आधीचा आहे.

मासिकाचा गुण पुस्तकाहून निराळा असतो. पुस्तक एकदा वाचले की संपते. मासिक पुन्हा येते. वर्षाची वर्गणी भरली म्हणजे दर महिन्यास पोस्टमन दाराशी येतो, आणि घरातील सर्वांत लहान माणसाच्या नावाचेही टपाल येऊ शकते, हा अनुभव मुलास प्रथमच मिळतो. वर्गणीदार एक असला तरी वाचणारे पुष्कळ असतात. अंक भावंडांत फिरतो, मग शेजारी जातो, मग वर्गातील मित्राकडे जातो, आणि कोपरे दुमडून परत येतो. लांबच्या गावी राहणाऱ्या, एकमेकांस कधी न पाहिलेल्या मुलांची अशा रीतीने एक मोठी वाचनमंडळीच तयार होते. वर्षाअखेर बारा अंक एकत्र शिवून, वर जाड पुठ्ठा घालून, आत शाईने नाव व साल लिहून ठेवण्याची रीत पुष्कळ मराठी घरांत होती. ज्यांच्या घरी अशी बांधलेली वर्षे फळीवर ओळीने उभी असत, त्यांच्याकडे सुटीत मुलांची रीघ लागे.

आपटे हे मुलांसाठी लिहिणारे होते म्हणून त्यांची विद्वत्ता बेताची असेल, अशी कोणाची समजूत होऊ नये. 'मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी' हा त्यांचा संग्रह १९१० साली प्रसिद्ध झाला. बौद्ध धर्माच्या इतिहासावरील त्यांचे 'बौद्धपर्व' १९१४ साली निघाले. १९२२ साली त्यांनी 'मराठी शब्दरत्नाकर' हा कोश सिद्ध केला. मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच देणारा हा कोश पुढे घरोघरी व शाळाशाळांतून वापरला गेला. लेखकाच्या धंद्यात पडू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी १९२६ साली 'लेखनकला आणि लेखनव्यवसाय' हे पुस्तक लिहिले. याच हातांनी त्यांनी 'बालभारत' आणि 'बालभागवत' यांसारखी मुलांची पुस्तकेही लिहिली.

आमच्या मते आपटे यांच्या चरित्रातील बोध येथेच आहे. ज्याला शब्दांच्या हजारो छटा ठाऊक आहेत, त्यानेच सोपा शब्द निवडावा. कारण कोणता शब्द टाकावयाचा हेही त्यालाच कळते. मुलांसाठी काय, कोणीही लिहावे, असे समजणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. आपटे यांनी आपल्या आचरणाने ही समजूत खोटी ठरविली. घरी पाहुणा आला म्हणजे आपण चांगले ताट काढतो. आपटे यांनी ते ताट घरच्या मुलांपुढे मांडले.

२ फेब्रुवारी १९३० रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, आपटे यांचे देहावसान झाले. 'आनंद' मात्र त्यांच्या मागे अनेक दशके चालू राहिला. गोपीनाथ तळवलकर यांनी दीर्घकाळ त्याचे संपादन करून मुलांच्या आणखी काही पिढ्यांस त्याची गोडी लावली. पुढे १९५२ साली 'चांदोबा' मराठीत आला, व १९७१ साली पाठ्यपुस्तक मंडळाने 'किशोर' सुरू केला. आज आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांच्या आईवडिलांस 'चांदोबा' व 'किशोर' आठवतात. आजीआजोबांस 'आनंद' आठवतो. प्रत्येक पिढीचे एक मासिक, आणि प्रत्येक मासिकाबरोबर गेलेले एक बालपण!

आता जे सांगावयाचे ते प्रामुख्याने पालकांसाठी आहे. अमेरिकेत 'सेंट निकोलस' नावाचे मुलांचे मासिक १८७३ साली निघाले. त्याने १८९९ साली वाचक मुलांची एक संघटना स्थापिली. उत्तम लेख, कविता व चित्रे पाठविणाऱ्या मुलांस ती संघटना सोन्यारुप्याची पदके देत असे. पुढे नामांकित झालेल्या काही लेखकांनी आपले पहिले यश तेथेच मिळविले. तेथील लोक ते अंक आणि ती पदके आज जपून ठेवतात व हौसेने जमवितात. आपल्याकडील मुलांच्या जुन्या अंकांची दशा काय आहे? मुलांचे मासिक जितके आवडते, तितके ते अधिक हाताळले जाते, आणि जितके हाताळले जाते, तितके लवकर नष्ट होते. जे उरते ते घर बदलताना रद्दीत जाते. आपल्या या औद्योगिक नगरात जागा अपुरी. गावाकडचे जुने घर मोडले की माळ्यावरील पेटी येथवर आणणे जमत नाही, आणि तराजूत पडल्यावर बालमासिकाचा भाव जुन्या वर्तमानपत्राइतकाच असतो. मोठ्या ग्रंथांच्या प्रती ग्रंथालये सांभाळतात. मुलांचे अंक मात्र बहुधा घरांनीच सांभाळले, आणि घरांनी टाकले की ते गेले.

'किशोर'चे जुने अंक आता संगणकावर कोणासही पाहता येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि आजोबांच्या हस्ताक्षरातील नाव, कोड्याच्या चौकोनात आत्याने पेन्सिलीने भरलेले उत्तर, समासात काकांनी काढलेले घोड्याचे चित्र, ही संपत्ती त्या एकाच प्रतीत असते. ती दुसरीकडे कोठेही मिळावयाची नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. सुटीत गावी जाल तेव्हा माळे आणि पेट्या पाहा. मुलांचा जुना अंक सापडला तर तो फाटका म्हणून टाकू नका. गंजलेल्या टाचण्या हळूच काढाव्या. चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डाग जात नाही. अंक ओलीपासून दूर, आडवा ठेवावा. तो कोणाचा, कोणत्या गावी येत असे, हे वडील माणसांस विचारून वेगळ्या कागदावर लिहून अंकासोबत ठेवावे. अंक कागदाचा असतो, पण त्याची हकीकत माणसाच्या तोंडी असते, आणि ती विचारावयास उशीर करून चालत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, वासुदेव गोविंद आपटे यांनी तुमच्यासारख्या मुलांस मानाचे वाचक समजून मासिक काढले. तुम्ही ज्या मासिकाची आज वाट पाहता, त्याचे अंक नीट लावून ठेवा, आणि पहिल्या पानावर आपले नाव व साल लिहा. पन्नास वर्षांनी कोणी तरी लहान हात ती पाने उघडील.